जास्तीची नळी

पित्ताच्या खड्यांनी एकदा मला माझ्याच खिडकीसमोर आणून उभं केलं.

२०१५ पासून मी लंडनमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कॅज्युअल्टीत, रिसेप्शनला बसते. नाव, जन्मतारीख, पत्ता, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर कोण, काय होतंय. पाळीभर हेच. काचेच्या आत मी, बाहेर दुखणारे. २०२३ च्या ऑक्टोबरातल्या त्या रात्री मात्र मी बाहेर होते, पोटाशी हात धरून वाकलेली, आणि आतून माझी सहकारीण मला माझी जन्मतारीख विचारत होती. तिला ती पाठ आहे, दर वर्षी केक तीच आणते. पण विचारावी लागते. मी सांगितली. तिने टाइप केली. दोघींनाही हसू आलं नाही.

दोन तासांनी आत घेतलं. पडद्याआडच्या खुर्चीत बसवून एका तरुण फिलिपिनो नर्सने दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "रक्त घेतेय. त्यातच आम्ही सगळ्यांचं एचआयव्ही आणि हेपटायटिस बी, सी तपासतो. नको असेल तर सांगा." पाठ झालेल्या आरतीसारखं एका दमात आलं ते. मलाही ते नवीन नव्हतं. याच मजकुराचं पोस्टर माझ्या खिडकीच्या डाव्या अंगाला दीड वर्ष लटकत होतं. त्याचा खालचा कोपरा सुटला की चिकटपट्टी लावायचं काम माझंच.

तरी तोंडाला कोरड पडली. "चालेल," म्हणाले. तेवढं एक अक्षर काढायला जी शक्ती लागली ती पोटातल्या कळेने खाल्ली, असं तिला वाटलं असावं. तिने नळ्या भरल्या. मी मोजत होते. नेहमीच्या सगळ्या झाल्या आणि मग ती जास्तीची.

ती नळी मी वीस वर्षं चुकवली होती.

*

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पंचवीस खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात. जिन्याखालची खोली म्हणजे लॅब. एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज, जो सुरू केला की टेबलासकट दाराकडे चालू लागायचा, आणि एक फ्रीज. फ्रीजमध्ये किटांच्या शेजारी सरांच्या, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या, घरचं विरजण.

ऑपरेशनचा पेशंट दाखल झाला की वरून सिस्टरची चिठ्ठी यायची. सीबीसी, शुगर, लघवी, बीटी-सीटी आणि शेवटच्या ओळीत ‘एचआयव्ही, ऑस्ट्रेलिया’. ऑस्ट्रेलिया म्हणजे हेपटायटिस बी. बारूख ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं, म्हणून त्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणू लागले. ते कावीळ आणणाऱ्या विषाणूचं कवच निघालं. ब्लमबर्गना १९७६ साली नोबेल मिळालं, अँटिजेनचं नाव बदलून एचबीएसएजी झालं, पण आमच्या चिठ्ठ्यांवर ऑस्ट्रेलियाच राहिला. एका पेशंटच्या भावाने मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "ताई, एवढ्या लांब पाठवणार रक्त? मग ऑपरेशन कधी व्हायचं?"

हेपटायटिस सी कुणी लिहीत नसे. त्याचं किटच आमच्याकडे नव्हतं.

एचआयव्हीला ट्रायडॉट. हाताच्या तळव्यात मावेल अशी पांढरी प्लास्टिकची डबी, मधे पाव पैशाएवढी गोल खिडकी. बफरचे थेंब, मग सीरमचा एक थेंब, पुन्हा बफर, मग तो गुलाबी द्राव, पुन्हा बफर. पाच मिनिटांच्या आत सगळं उरकतं. वर एक ठिपका उमटला तर किट चांगलं आहे. त्याच्या खाली आणखी एखादा उमटला, तर. इतकंच. मला ते उमटणं पाहायला आवडायचं, हे आता सांगायला लाज वाटते. एकवीस वर्षांची होते. रंग येताना पाहणं कुणाला आवडत नाही?

पेशंटला विचारायचं असतं, हे आम्हाला वर्गात कुणीतरी सांगितलं असणार. पण दाखल होताना एका छापील कागदावर अंगठा घेतलेला असायचा आणि त्या अंगठ्यात सगळं बसायचं. भूल, ऑपरेशन, बिल, जिवाचं बरंवाईट, आणि ट्रायडॉटही. तिथेही सगळ्यांचीच तपासणी व्हायची, बरं का. सरपंच असो की ऊसतोडीचा मजूर, सुट्टी नाही. सर मोठ्या अभिमानाने म्हणायचे, "आपण भेदभाव करत नाही."

२००३ च्या उन्हाळ्यात पिशवीच्या ऑपरेशनला एक बाई आली. चाळिशीची असेल. रक्त घेताना सगळे दुसरीकडे बघतात, ती सुईकडेच बघत होती. "ताई, माझं रक्त कमी हाय का हो? लई जातंय दर महिन्याला." मी म्हटलं, तपासून सांगते. खाली येऊन सीबीसी लावली, ट्रायडॉट लावलं, आणि खालचा ठिपका उमटला. दुसरी डबी फोडली. पुन्हा उमटला.

एका किटावर कुणाचं काही ठरवायचं नसतं. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्या करायच्या, त्याआधी आणि नंतर समुपदेशन करायचं, हा नियम तेव्हाही होता. आमच्याकडे एकच किट होतं आणि समुपदेशक म्हणजे भुलीचे डॉक्टर येईपर्यंत वऱ्हांड्यात फेऱ्या मारणारे सर. मी रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह’ लिहिलं. लाल पेनने, कारण जे जे वेगळं ते लाल अशी पद्धत होती. सरांच्या हातात दिला. सरांनी तो तिच्या दिराला दाखवला. दिराला. नवरा शेतावर होता आणि ती स्वतः तर कॉटवरच होती, दहा पावलांवर.

अर्ध्या तासात सगळ्या हॉस्पिटलला कळलं. मावशींनी त्या खोलीत झाडू मारायला नकार दिला. चादर मागच्या अंगणात जाळली. भुलीचे डॉक्टर अचानक दोन दिवस गावाला गेले. "सिव्हिलला न्या, तिथे मोठी मशिनं आहेत," असं सांगून तिला जीपमध्ये बसवलं. जाताना ती जिन्याखाली माझ्या दाराशी थांबली. हातात बोचकं, आणि तोच प्रश्न. "कमी होतं का हो?"

"हो," मी म्हणाले. "थोडं कमी आहे."

ते खोटंही नव्हतं. हिमोग्लोबिन साडेसात होतं.

ती सिव्हिलला पोचली का, तिथे तिला कुणी काय सांगितलं, पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला, तीही आधी मुंबईच्या जे. जे. सारख्या मोजक्या रुग्णालयांत. म्हणजे ती जीपमध्ये बसली तेव्हापासून वर्षभराच्या आत. हा हिशोब मी बऱ्याचदा करते. त्यातून काही निघत नाही.

*

त्याच पावसाळ्यात मला सुई लागली.

सुईला पुन्हा टोपण घालू नये हे आज शाळकरी पोरही सांगेल. आम्ही घालायचो, कारण सुया टाकायला पुठ्ठ्याचा खोका होता आणि टोपण नसलेली सुई मावशींच्या हाताला लागायची. तर मावशींचा हात वाचवताना माझा सापडला. डाव्या हाताची तर्जनी. ट्रेमध्ये सहा जणांच्या सुया होत्या आणि ही कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. सर म्हणाले, "साबणाने धू. वाहू दे थोडं. काही होत नाही."

बहुतेक वेळा काही होत नाही हे खरंच आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई लागली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीन. हेपटायटिस सीची शंभरात दोनच्या आसपास. बीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. हे आकडे मला नंतर कळले. ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर एचआयव्ही टाळता येतो, हेही नंतर. तेव्हा कळलं ते एवढंच, की पेशंटच्या रक्तापासून स्वतःला जपण्यासाठी ज्या हॉस्पिटलात प्रत्येक पेशंटची तपासणी होत होती, तिथे तिथल्याच मुलीला सुई लागल्यावर काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

दीड महिन्याने, रात्री, सगळे गेल्यावर मी स्वतःचं रक्त काढलं. उजव्या हाताने डाव्या हातातून, पट्टा दातांत धरून. ट्रायडॉटची डबी हिशोबात ‘खराब निघाली’ म्हणून दाखवली. वरचा ठिपका उमटला. खाली काही नाही. ऑस्ट्रेलियाही कोरा. तीन महिन्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. कुणालाही सांगितलं नाही. आईला तर नाहीच, तेव्हा घरात स्थळं बघणं चाललं होतं.

पण सीचं किट नव्हतं. तो एक कप्पा बंदच राहिला.

हेपटायटिस सीचा त्रास असा की तो त्रास देत नाही. वीस-वीस, तीस-तीस वर्षं गुपचूप यकृतात बसून राहतो. माणूस नोकरी करतो, लग्न करतो, पुरणपोळ्या लाटतो. मग कधीतरी पोटात पाणी होतं किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा कळतं. २००६ ला लग्न होऊन मी लंडनला आले ती हा पाहुणा बरोबर आहे की नाही हे माहीत नसताना. २००९ ला दिवस राहिले तेव्हा सुईणबाईंनी, इथे मिडवाइफ म्हणतात, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, त्यांत एचआयव्ही, हेपटायटिस बी, सिफिलिस. प्रत्येक गरोदर बाईला विचारतात. मी पेनाने बरोबरच्या खुणा केल्या आणि आणखी एक ओळ शोधली. सी नव्हता. तो त्या यादीत नसतोच.

मग मी जीपीला का विचारलं नाही? फुकट होतं. दहा मिनिटांचं काम होतं. नवऱ्याने विचारलं तेव्हा (आता त्याला सगळं माहीत आहे) मला नीट उत्तर देता आलं नाही. देता येईल तेवढं असं: तपासणी मागितली की समोरचा विचारतो, का? तो वाईट हेतूने विचारत नाही, त्याला फॉर्मवर लिहायचं असतं. आणि त्या ‘का’च्या पोटात जिन्याखालची खोली होती, चोरून वापरलेली डबी होती आणि "थोडं कमी आहे" होतं. एवढं सगळं इंग्रजीत कुठून सुरू करायचं? २०१४ नंतर तर सीवर गोळ्या आल्या. आठ ते बारा आठवडे घ्यायच्या, शंभरातले पंचाण्णवांहून जास्त पूर्ण बरे होतात. म्हणजे घाबरायचं कारणही गेलं. पण तोवर घाबरण्याची सवय लागलेली होती, आणि सवयीवर गोळी नाही.

*

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने कॅज्युअल्टीतली ही तपासणी एप्रिल २०२२ मध्ये सुरू केली. सगळीकडे नाही. जिथे दर हजार प्रौढांत पाच किंवा अधिक लोक एचआयव्हीसह जगताहेत अशा भागांत: लंडन, ब्रायटन, मँचेस्टर आणि सॅलफर्ड, ब्लॅकपूल. तीन वर्षांसाठी दोन कोटी पौंड बाजूला काढले. त्याआधी दक्षिण लंडनमधल्या रुग्णालयांत हा प्रयोग होऊन गेला होता आणि त्यामागे गायक एल्टन जॉन यांच्या संस्थेचा पैसा होता. कल्पना मूळची इथलीही नव्हे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००६ मध्येच सांगितलं होतं, की १३ ते ६४ वयाच्या सगळ्यांची एचआयव्ही तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीसारखी करा, आणि ज्याला नको त्याने नाही म्हणावं.

खिडकीतून मला हे कसं दिसलं ते सांगते. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर एक चौकोन वाढला. नर्सने रक्ताच्या तपासण्यांवर खूण केली की या तीन आपोआप खाली येऊन बसायच्या. पेशंट नको म्हणाला तर त्या काढून टाकायच्या. आमच्या मेट्रनबाई म्हणाल्या, "आता लोक भांडायला येतील." मीही तयारीत होते. कुणी आलं नाही. पहिल्या महिन्यात पोस्टरबद्दल मला तिघांनी विचारलं, त्यातल्या एकाला त्याखालच्या बाणाने दाखवलेला संडास कुठे आहे ते हवं होतं.

भांडण झालं नाही ते लोकांना पटलं म्हणून, असंही मी म्हणणार नाही. छातीत कळ आलेला माणूस पोस्टर वाचत नाही. इंग्रजी न येणारी आजी नर्सच्या हसण्याला मान डोलावते. ही संमती झाली का? तांत्रिकदृष्ट्या झाली. माझ्या मनाला विचाराल तर ती अंगठ्यापेक्षा बरी आणि बोलण्यापेक्षा कमी, मधे कुठेतरी आहे. हा काटा माझ्या पायात आहे आणि मी तो काढून टाकलेला नाही.

पण आकडे बघा. नोव्हेंबर २०२३ पर्यंत, म्हणजे दीडेक वर्षात, तेहतीस रुग्णालयांत या तीन आजारांचे मिळून ३,५०० हून जास्त लोक सापडले. त्यांतले ५८० हून जास्त एचआयव्हीचे. मग सरकारने आणखी चाळीसहून अधिक रुग्णालयांत हे सुरू करायचं ठरवलं. सापडलेले कोण होते? जे गुप्तरोगाच्या दवाखान्याची पायरी कधीच चढले नसते असे. वयस्क माणसं. बायका. आफ्रिकेतून, आशियातून आलेले. पाय मुरगळला म्हणून, दमा वाढला म्हणून आलेले. काहींना आपलं दुखणं आधीच माहीत होतं, पण औषधं सोडून ते वर्षानुवर्षं गायब होते. तेही परत सापडले. आणि नव्याने सापडलेल्यांत सगळ्यात मोठा गट एचआयव्हीचा नव्हताच. तो आमच्या जुन्या ऑस्ट्रेलियाचा होता.

त्या गटात आपली माणसं किती असतील याचा अंदाज मला एका फोनवरून आला.

*

आमच्या ओळखीतले एक काका आहेत. सत्तरीचे. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, जे १९३२ पासून चालू आहे, गणपतीत मोदकांच्या ताटांवर त्यांची देखरेख असते. तपशील थोडे बदलून सांगते. चक्कर येऊन पडले, दुसऱ्याच एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेले, डोक्याला तीन टाके पडले, घरी आले. दोन आठवड्यांनी त्यांना फोन आला, तुमच्या रक्तात हेपटायटिस बी दिसतोय, तपासायला या. काकांनी मला फोन केला, कारण मी ‘हॉस्पिटलातली’. रिसेप्शनला बसते हे कुणी लक्षात घेत नाही.

"अगं, मी आयुष्यात दारूला शिवलो नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि दुसरंही काही नाही गं. तुझ्या काकूला विचार."

मी काकूला काही विचारलं नाही. काकांना विचारलं, लहानपणी घरात कुणाला कावीळ? ते बराच वेळ गप्प राहिले. आई काविळीनेच गेली. पोटात पाणी झालं होतं. शेजारच्या गावचा माणूस कावीळ उतरवायचा, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं व्हायचं. मग मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवली, ती रोज वाढत गळ्यात उतरायची. माळ उतरली. आई गेली. थोरला भाऊही ‘लिव्हरनेच’ गेला, पन्नाशीत.

आईकडून बाळाला, जन्माच्या वेळी. आपल्याकडे हा विषाणू पिढीतून पिढीत जातो तो बऱ्याचदा असा. त्यात कुणाचं चारित्र्य नसतं. बाकी वाटाही होत्याच: स्टोव्हवर डबा ठेवून उकळलेली, किंवा उकळल्यासारखी केलेली काचेची सिरिंज, न्हाव्याचा वस्तरा, जत्रेतलं गोंदण. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, पण त्या सोनाराने आदल्या दिवशी त्याच तारेने कुणाचे टोचले होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात हेपटायटिस बी असलेले २ कोटी ९८ लाख लोक होते आणि सी असलेले ५५ लाख. नवजात बाळांसाठीची बीची लस देशभर पोचली ती २०११ च्या सुमाराला. त्याआधी जन्मलेले आपण सगळे, साहेब असो की शिपाई, नशिबावर होतो.

काकांना आता रोज एक गोळी आहे आणि सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी. मुलगी आणि मुलगा दोघांनी तपासून घेतलं. एकाचा अहवाल बरा आला. दुसऱ्याचं मी इथे लिहीत नाही. काकू मला म्हणाल्या, "त्यांना पडायचीच बुद्धी झाली बघ." पण मंडळात कुणाला सांगू नकोस, हेही लगेच बजावलं. मोदकांची ताटं आहेत ना.

*

जिन्याखाली सगळ्यांची तपासणी होत होती, इथेही सगळ्यांची होते. मग फरक काय, हा विचार मी पोटदुखीच्या त्या रात्री, सलाईन थेंबथेंब पडत असताना करत होते. विचारणं हा फरक आहे असं आधी वाटायचं. पण नर्सचं ते आरतीसारखं वाक्य ऐकल्यावर तेवढ्याने भागेना.

उत्तर मिळालं ते चार महिन्यांनी, फेब्रुवारीत, पित्ताशय काढायला दाखल झाले तेव्हा. ऑपरेशनच्या आधी पुन्हा रक्त घेतलं. मी सवयीने वाट पाहत होते. या वेळी एचआयव्ही नाही, ऑस्ट्रेलिया नाही, काहीच नाही. मी धीर करून नर्सला विचारलं, "त्या तपासण्या?" ती म्हणाली, "ऑपरेशनला त्या कशाला? सर्जन सगळ्यांसाठी हातमोजे तसेच घालतो."

१९८७ पासून जगभर हेच सांगितलं जातंय: प्रत्येकाचं रक्त लागण असलेलंच आहे असं समजून वागा. कारण नुकतीच लागण झालेल्याची तपासणी कोरी येऊ शकते, आणि त्या कोऱ्या कागदावर भरवसा ठेवून हात सैल सोडणारा माणूसच फसतो. आमचे सर उलटं करायचे. तपासायचे आणि ठिपका उमटला नाही की दुहेरी हातमोज्यांचा खर्च वाचवायचे. आमची तपासणी दारावरच्या राखणदारासारखी होती. कुणाला आत घ्यायचं नाही ते ठरवायला. इथली तपासणी ऑपरेशनच्या दारात नसतेच, ती कॅज्युअल्टीत असते. ठिपका उमटला तर फोन येतो, तारीख मिळते, गोळी मिळते. टाके ज्या हाताने घातले तोच हात पुढच्या खेपेलाही घालतो.

इकडे सगळं गोड आणि तिकडे सगळं कडू, असं मला म्हणायचं नाही. भारतात २०१७ ला कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्ही तपासायचा नाही, आणि त्यावरून उपचार नाकारायचे नाहीत. २०१९ ला पुण्यात बहिणीच्या ऑपरेशनला गेले तेव्हा एचआयव्हीच्या संमतीचा वेगळा कागद पाहून मला भरून आलं. मग पाहिलं, तर रिसेप्शनवरचा मुलगा गठ्ठ्यातून बोटाने जागा दाखवत होता, "इथे सही, इथे, आणि इथे." बहिणीने तिन्ही ठिकाणी केली. मी विचारलं, काय वाचलंस? "काय वाचायचंय त्यात?" ती म्हणाली. मुलाचा दोष नव्हता. त्याच्यामागे रांग होती. रांग मला कळते.

*

आमच्याकडचा नियम असा की तपासणी कोरी असेल तर कुणी कळवत नाही. फोन आला नाही म्हणजे ठीक. हे पोस्टरवर लिहिलेलं आहे आणि मी शेकडो लोकांना तोंडी सांगितलेलं आहे. पण वीस वर्षं ज्याची वाट चुकवली त्याचं उत्तर न वाजलेल्या फोनमधून घ्यायचं म्हणजे काय, हे तोवर माहीत नव्हतं. ऑक्टोबर संपला. अनोळखी नंबरावरून आलेले सगळे फोन मी उचलले. एक वीजकंपनीचा होता, एक मुलीच्या शाळेतून, तिने पीईचे बूट विसरले होते. दिवाळी आली. चकल्या तळताना फोन वाजला, मी झारा तसाच टाकून धावले, तर सांगलीहून आई. "धापा का टाकतेस?"

त्या रात्री चकल्या गार होईस्तोवर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सुई, डबी, ती बाई. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग आता जाऊन विचार ना रिझल्ट." गेले. जीपीच्या पोर्टलवर नव्हता, म्हणून आमच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या बाईने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. तीन ओळी. तीनही कोऱ्या. मी तिला म्हटलं, छापून द्याल का? तिला नवल वाटलं असावं, पण दिला. घडी घालून तो कागद मी पर्समध्ये ठेवला आणि उरलेली पाळी करायला खाली आले.

गेल्या मंगळवारी एक बाई खिडकीशी आल्या. गुजराती असाव्यात, मनगटाला ओलं फडकं गुंडाळलेलं, तेल उडालं होतं. कॉम्प्युटर अडकला होता, तेवढ्या वेळात त्या डावीकडचं पोस्टर वाचत राहिल्या. पूर्ण वाचलं. असं कुणी वाचत नाही.

"हे सगळ्यांचंच करतात?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"सगळ्यांचं. रक्त काढलं तर. नको असेल तर नाही सांगायचं."

"तुमचंही?"

"माझंही केलं."

त्या काचेला थोड्या आणखी जवळ आल्या. "मग?"

कॉम्प्युटर सुरू झाला होता आणि मागे नऊ जण उभे होते.

"कोरं आलं," मी म्हणाले. "जन्मतारीख सांगा."